न पटलेला शेवट आणि वशीकरणाचा सिद्धांत



 ज्या व्हिडिओ गेमविषयी बोलायचं आहे त्याचा शेवट आज मी उघडपणे सांगणार आहे. गेम येऊन इतकी वर्षं लोटली की आता रसभंगाची तक्रार चालायची नाही.

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं २००७ साली ‘मास इफेक्ट’ आणला, २०१० मध्ये त्याचा दुसरा भाग आणि मार्च २०१२ मध्ये तिसरा. गोष्ट बाविसाव्या शतकातली. कमांडर शेपर्ड हा मानवी सैन्यातला अधिकारी. तो पुरुष असावा की स्त्री, हेही खेळणाऱ्यानंच ठरवायचं. मी सोयीसाठी ‘तो’ म्हणतो. समोर शत्रू आहेत रीपर. ही अवाढव्य, बुद्धिमान यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येतात आणि आकाशगंगेतल्या प्रगत संस्कृती कापून नेतात. या मालिकेची खरी गंमत सेव्ह फाइलमध्ये होती. पहिल्या भागात तुम्ही कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं, याचा हिशेब दुसऱ्या भागात यायचा आणि तिथून तिसऱ्यात. पाच वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय एखादं पात्र अचानक समोर येऊन आठवून द्यायचं. कादंबरीच्या वाचकाला हे सुख मिळत नाही, आणि त्यातून येणारी हक्काची भावनाही नाही.

आता शेवट. लंडनमध्ये निर्वाणीची लढाई चालू आहे. सिटाडेल नावाच्या अवकाशस्थानकाकडे नेणाऱ्या प्रकाशझोताच्या दिशेनं शेपर्ड धावतो आणि हार्बिंजर या रीपरचा किरण त्याच्यावर येतो. तो जळक्या चिलखतानिशी उठतो, लंगडत वर पोहोचतो. तिथे एक लहान मुलगा प्रकट होतो, म्हणजे मुलाच्या रूपातली रीपरांची नियंत्रक बुद्धी. तो सांगतो की यंत्रं आपल्या सजीव निर्मात्यांचा नाश करणारच, म्हणून रीपर आधीच कापणी करतात. मग तीन वाटा पुढे ठेवतो: रीपरांचा संहार, रीपरांवर ताबा, किंवा सजीव आणि यंत्र यांचं मीलन. पहिलीचा रंग लाल, दुसरीचा निळा, तिसरीचा हिरवा. कोणतीही निवडा, त्या त्या रंगाची लाट आकाशगंगाभर पसरते, दळणवळणाची महाद्वारं कोसळतात, शेपर्डचं जहाज एका अनोळखी ग्रहावर आदळतं, संपलं.

लोक भडकले, आणि ते समजण्यासारखं होतं. तीन ठरीव शेवटांतून एक निवडा असा प्रकार यात नसेल, असं दिग्दर्शक केसी हडसन यांनी आधी मुलाखतीत सांगितलं होतं. त्याहून मोठा दोष कथेच्या पोटातला. यंत्रं आणि त्यांचे निर्माते एकत्र राहूच शकत नाहीत, असं तो मुलगा म्हणतो. पण काही तासांपूर्वीच, नीट खेळलेल्या माणसानं गेथ ही यंत्रं आणि त्यांचे निर्माते क्वेरियन यांच्यात तह घडवून आणलेला असतो! ही गोष्ट शेपर्ड त्या मुलाला ऐकवतसुद्धा नाही. मालिकाभर वाद घालणारा माणूस नेमका इथे मुकाट्यानं मान डोलावतो.

निषेधाचे प्रकार नाना होते. कुणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे फसव्या जाहिरातीची तक्रार केली. काहींनी शेवट बदलावा म्हणून मोहीम काढून आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ऐंशी हजार डॉलरच्या वर निधी जमवून दिला. आणखी एका गटानं बायोवेअरला चारशे कपकेक पाठवले: लाल, निळे, हिरवे, चव मात्र सगळ्यांची एकच. इतकी नेमकी समीक्षा मी क्वचित वाचली आहे.

पण आपला विषय याच रागातून निघालेला दुसरा प्रवाह आहे. काही चाहते म्हणाले, शेवट वाईट नाहीच. तो खराच नाही.

रीपरांचं एक अस्त्र पहिल्या भागापासून ठाऊक होतं: इन्डॉक्ट्रिनेशन, आपण वशीकरण म्हणू. त्यांच्या सान्निध्यात राहिलेल्या माणसाला कुजबुज ऐकू येते, भास होतात, आणि हळूहळू त्यांचे विचार त्याला स्वतःचेच वाटू लागतात. सिद्धांत असा की हार्बिंजरच्या किरणानंतर जे दिसतं ते सगळं शेपर्डच्या मनात चाललेलं आहे, आणि तो मुलगा हा वशीकरणाचा शेवटचा डाव आहे.

पुरावे पाहा. गेमच्या सुरुवातीला व्हँकुव्हरमध्ये शेपर्डला हवेच्या झरोक्यात लपलेला एक मुलगा दिसतो, शेवटी प्रकट होतो त्याच रूपाचा. शेपर्डचा वरिष्ठ अँडरसन हाक मारतो, शेपर्ड क्षणभर वळतो, पुन्हा बघतो तर मुलगा नाही. पुढे तोच मुलगा बचावयानात चढतो तेव्हा आजूबाजूचं कुणी त्याला हात देत नाही, त्याच्याकडे पाहतही नाही. मग शेपर्डला स्वप्नं पडू लागतात. त्यांत काळ्या सावल्या आणि कुजबुज असते, पाय जड होतात. शेवटी सिटाडेलवर इल्युझिव्ह मॅन, म्हणजे रीपरांच्या पुरता कह्यात गेलेला माणूस, समोर येतो तेव्हा पडद्याच्या कडांवर काळ्या शिरा सरकतात. शेपर्डच्या मागून वर आलेला अँडरसन त्याच्या आधी तिथल्या नियंत्रण-फलकापाशी पोहोचलेला असतो, आणि तिकडे जाणारी दुसरी वाट दिसत नाही. परक्याच्या जोरावर शेपर्डचा हात उठतो आणि अँडरसनच्या पोटात गोळी जाते. थोड्या वेळानं शेपर्ड स्वतःच्या कुशीवरचा हात उचलतो, तो रक्तानं माखलेला. जखम साधारण त्याच जागी.

आणि त्या तीन वाटा? ताबा हवा होता इल्युझिव्ह मॅनला. मीलनाची भाषा पहिल्या भागातला खलनायक सारेन बोलत होता. दोघेही वश झालेले. राहिला संहार. तो निवडला आणि युद्धाची तयारी भरपूर केलेली असली, तरच अखेरीस ढिगाऱ्यात पडलेलं एक धड दिसतं आणि त्याचा श्वास चालू होतो. ढिगारा काँक्रीटचा. अवकाशस्थानकावर काँक्रीट कुठलं? म्हणजे शेपर्ड लंडनमध्येच पडून आहे आणि आता कुठे शुद्धीवर येतोय!

हा सिद्धांत मला मान्य नाही, पण तो रचणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांनी बाहेरचं काही आणलं नाही, गेमनंच दिलेल्या नियमांनी गेमचा अर्थ लावला. ग्रंथाचं तात्पर्य ठरवताना उपक्रम आणि उपसंहार जुळवून पाहावेत, ही मीमांसकांची कसोटी टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात घेतली आहे. या पोरांनी नेमकं तेच केलं. जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी ग्रंथकाराला दोष दिला नाही, उपसंहारालाच स्वप्न ठरवलं.

याला थोरला पूर्वजही आहे. कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये मारलेला शेरलॉक होम्स १९०३ मध्ये जिवंत होऊन परतला, आणि पुष्कळांना तो पहिला होम्स वाटेना. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्डमध्ये एक मिस्कील निबंध वाचला. नंतरच्या कथा घडल्याच नाहीत, वॉटसननं त्या मनानं रचल्या, असं त्यांनी त्यात सप्रमाण मांडलं. नॉक्स थट्टा करत होते. २०१२ चे तरुण गंभीर होते, इतकाच फरक.

माझी अडचण वेगळी आहे. वश झालेल्याला आपण वश झाल्याचं कळत नाही. मग विरोधी पुरावाही वशीकरणाचाच भाग ठरतो आणि सिद्धांत हरूच शकत नाही. जून २०१२ मध्ये बायोवेअरनं वाढवलेला शेवट फुकट दिला. तिन्ही वाटांनंतर जगाचं काय झालं ते त्यात दाखवलं, आणि नकाराची चौथी वाटही जोडली. खरं तर तिथे प्रश्न मिटायला हवा होता. पण नकार दिला की त्या मुलाचा आवाज एकदम घोगरा, रीपरासारखा होतो, आणि सिद्धांतवाल्यांना नवं हत्यार मिळालं! शिवाय या सिद्धांताची किंमतही कुणी मोजत नाही. सगळं स्वप्न असेल तर रीपर अजून लंडनच्या डोक्यावर आहेत, युद्ध तसंच चालू आहे, आणि पैसे मोजून घेतलेल्या गेमला शेवटच नाही.

शेपर्डच्या शरीरावरचा खेळणाऱ्याचा ताबा हळूहळू सुटत जावा, असा एक प्रसंग निर्मात्यांनी योजला होता; खेळात तो जमेना म्हणून वगळला, हे गेमच्या निर्मितीवर निघालेल्या डिजिटल पुस्तकातून पुढे आलं. म्हणजे चाहत्यांना लागलेला वास अगदीच खोटा नव्हता. तरीही लेखक-चमूतले क्रिस हेप्लर यांनी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा सिद्धांत सर्वस्वी चाहत्यांचा आहे.

लेखकांनी स्वतः त्या शेवटाशी काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे. २०१७ च्या ‘अँड्रोमिडा’त त्यांनी सगळी पात्रं तिसऱ्या भागाच्या आधीच दुसऱ्या दीर्घिकेकडे रवाना करून टाकली, म्हणजे कोणता शेवट खरा हे सांगायलाच नको. डिसेंबर २०२० मध्ये मात्र पुढच्या गेमची झलक आली. तीत शेपर्डची जुनी सहकारी लियारा बर्फातून शेपर्डच्या चिलखतावर असायची तशा एन-सेव्हन खुणेच्या चिलखताचा तुकडा उचलते, आणि तो कोणत्या रंगाच्या शेवटातून आला यावर त्याच रात्री पुन्हा वाद पेटले. या वेळी पळायला दुसरी दीर्घिका नाही. आपल्याच तीन वाटांपैकी एक आता त्यांना निवडावी लागेल, नाहीतर तिन्हींना पुरेल असं काहीतरी रचावं लागेल. त्यासाठी चाहत्यांपैकी दोघा-चौघांना नोकरीवर घेतलं तरी माझी हरकत नाही.