चंद्र, लोणार आणि आपली काळी जमीन

(मंठा येथे शेतकरी बांधवांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी बाहेर चहा घेताना एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, आमच्या विहिरीला डिसेंबरात तळ दिसतो आणि तुम्ही लोक चंद्रावर पाणी शोधता. आम्हाला त्याचा उपयोग काय?" प्रश्न रोखठोक आहे आणि रास्तही आहे. आजचे माझे सगळे बोलणे म्हणजे त्याच प्रश्नाचे उत्तर समजा. उत्तर पटले नाही तर शेवटी तसे सांगा, मला वाईट वाटणार नाही.

अवकाशाचे शास्त्र म्हटले की श्रीहरिकोटा किंवा अमेरिका डोळ्यांपुढे येते. आपल्या मंठा तालुक्याच्या उत्तरेला लोणारचे विवर आहे आणि पूर्वेला, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, विश्वातील लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. या दोहोंच्या मधे आपण राहतो. म्हणून सुरुवात घराशेजारूनच करू.

लोणारने काय शिकविले?

लोणारला तुमच्यापैकी बहुतेकजण जाऊन आले असतील. धारेखाली अंघोळ, दैत्यसूदनाचे दर्शन आणि खाली खारे पाणी. विष्णूने लवणासुराला मारले, ही कथाही आपण ऐकली आहे. हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि सुमारे १५० मीटर खोल आहे. पुष्कळ काळ तज्ज्ञांनाही ते ज्वालामुखीचे तोंड वाटत होते. तसे वाटणे साहजिक होते, कारण भोवतालचा सगळा कातळ लाव्हारसाचाच आहे.

पुढे भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवरात छिद्रे घेऊन खालचे खडक तपासले. १९७३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खडकातील काही खनिजांची अशी काच झालेली आढळली, की जी ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. ती होण्यासाठी क्षणभरात प्रचंड दाब बसावा लागतो. असा दाब येतो तो सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या अशनीमुळे. म्हणजे लोणारचा खड्डा आकाशातून आलेल्या एका दगडाने पाडला. तो केव्हा पडला याविषयी मतभेद आहेत. एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षे निघते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

जगात उल्काघाताची विवरे अनेक आहेत, पण काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये पडलेले आणि इतके चांगले टिकलेले विवर विरळा. चंद्रावरचे काळे भाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा आहे. तिथले खड्डे कसे पडले हे समजून घ्यायचे तर शास्त्रज्ञ लोणारला येतात. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे सांगितले. उन्हाळ्यात पाणी आटले, खार वाढला आणि या जीवांना फावले. त्याच वर्षी लोणारची नोंद रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

सशाचा डाग आणि आपली जमीन

पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्याला ससा दिसतो. तो ससा म्हणजे थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत. तो खडक बेसाल्ट जातीचा. आपल्या शेतातली काळी माती ज्या खडकापासून झाली, तोही बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. आता विचार करा. मूळ खडक एकाच जातीचा, मग इथे कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते आणि तिथे गवताची काडी नाही, असे का?

कारण चंद्रावर हवा नाही, वाहते पाणी नाही आणि जीवजंतू नाहीत. तिथे आहे ती नुसती भुकटी, जिला आपण माती म्हणतो ती नव्हे. अपोलो मोहिमांत आणलेली ही भुकटी वापरून अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील एक छोटे रोप वाढवून पाहिले. प्रत्येक रोपाला जेमतेम एक ग्रॅम भुकटी. २०२२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बी उगवले, पण रोपे खुरटली, मुळे वाढेनात आणि काही पाने तांबूस पडली. वरून पाणी आणि अन्नद्रव्ये दिली तरी ही गत. शेणखत, कुजलेला पालापाचोळा, गांडूळ आणि असंख्य जिवाणू यांनी हजारो वर्षे राबून भुकटीची माती केली, तीच माती आपण एका वळवाच्या पावसात बांधाबाहेर जाऊ देतो. चंद्राकडून घ्यायचा हा पहिला धडा आहे.

चांद्रयानाची तपासणी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्या भागात उतरणारा भारत हा पहिला देश. याआधी ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम उतरताना कोसळले होते. चुका शोधल्या, दुरुस्त केल्या आणि चार वर्षांनी पुन्हा प्रयत्न केला. दुबार पेरणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

यानातून प्रज्ञान नावाची छोटी गाडी बाहेर आली. तिने लेसरचा झोत जमिनीवर मारला आणि निघालेल्या प्रकाशावरून त्यातील घटक ओळखले. गंधक, लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, मँगनीज इत्यादी सापडले. हे एक प्रकारचे माती परीक्षणच झाले. पावणेचार लाख किलोमीटरवर जाऊन आपण माती तपासली. आपल्या शेताची तपासणी शेवटची केव्हा केली, हे प्रत्येकाने मनाशी आठवावे. गंधकाचेच उदाहरण घ्या. सोयाबीनसारख्या गळीत पिकाला ते लागते, पण ते कमी आहे की पुरेसे, हे अहवालाशिवाय कळत नाही.

विक्रमने एक तापमापक जमिनीत खुपसला. वरचा थर ५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खाली तापमान उणे १० अंशांच्या आसपास होते. वरची सैल, कोरडी भुकटी उष्णता खाली जाऊच देत नाही. एका कोळपणीने अर्धे पाणी मिळते असे आपले जुने जाणकार म्हणतात, त्याला थोडाफार असाच आधार आहे. वरचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर चढायची वाट तुटते आणि भेगाही बुजतात. चंद्रावर कोणी कोळपे हाकले नाही, पण सैल थराचा गुण तिथेही दिसला.

आता चंद्रावरच्या पाण्याविषयी. २००८ साली गेलेल्या चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. ते पाणी विहिरीसारखे नाही. खनिजांना चिकटलेले आणि ध्रुवाकडच्या कायम अंधाऱ्या खड्ड्यांत बर्फरूपाने असलेले असे ते आहे. ते मंठ्याला यायचे नाही, हे मी आधीच कबूल करतो.

अवकाशात चवळी, मूग आणि मेथी

३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर इस्रोने चवळीच्या आठ बिया एका बंद पेटीत ठेवल्या होत्या. त्या चार दिवसांत उगवल्या आणि पुढे पानेही फुटली. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले. राकेश शर्मा यांच्यानंतर, म्हणजे १९८४ नंतर अवकाशात जाणारे ते दुसरे भारतीय. त्यांनी मूग आणि मेथीचे बी तिथे उगवून पाहिले. या प्रयोगात धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा सहभाग होता.

बी कसेही पडले तरी मूळ खाली आणि कोंब वर जातो, हे आपण रोज पाहतो. मुळाच्या टोकाशी पिष्टाचे बारीक कण असतात. ते वजनाने खाली बसतात आणि मुळाला दिशा कळते. अवकाशात वजनच जाणवत नाही, मग मूळ कुठे जाईल, उगवण आणि पोषणमूल्य बदलेल का, असे हे प्रश्न आहेत. पुढे माणसे दूरच्या प्रवासाला निघतील तेव्हा शिदोरीत आपली कडधान्ये असतील.

ढगांआडून पाहणारा उपग्रह

आता शेतीच्या सर्वांत जवळच्या गोष्टीकडे येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून निसार हा उपग्रह सोडण्यात आला. भारत आणि अमेरिका यांनी मिळून तो तयार केला आहे. साधे उपग्रह सूर्यप्रकाशात छायाचित्र घेतात. आपल्या खरिपात जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी त्यांना खालचे दिसत नाही. निसारवर रडार आहे. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी वाचतो. ढग असोत की रात्र, त्याला अडचण नाही. कोरडी जमीन आणि ओली जमीन या लहरी वेगवेगळ्या प्रकारे परतवतात, म्हणून वरच्या थरातील ओलाव्याचा अंदाज बांधता येतो. दर १२ दिवसांत जगातील जवळपास सर्व जमीन तो दोनदा न्याहाळतो.

त्याच्या मर्यादाही सांगतो. त्याला वरचे काही सेंटिमीटरच कळतात, तुमच्या विहिरीची पातळी कळत नाही. बांधापलीकडचे शेत ओले आणि आपले कोरडे असा फरक तो नेहमीच टिपेल असे नाही. तरीही मंडळात कुठे ओढ बसली आहे, कुठे पाणी साचले आहे, हे चित्र यातून उभे राहू शकते. पीक विम्यासाठी उत्पादनाचा अंदाज काढताना कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रहाच्या माहितीचा आधार घेण्यास २०२३ च्या खरिपापासून देशात सुरुवात झाली आहे. म्हणजे आकाशातला डोळा आता तुमच्या पैशाच्या व्यवहारात आला आहे. तो काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही, हे आपणास ठाऊक असलेच पाहिजे.

औंढ्याची वेधशाळा

औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. इंग्रजी एल अक्षरासारख्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांत लेसर, अशी तिची रचना आहे. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशातच लहर उठते, विहिरीत धोंडा टाकल्यावर उठते तशी. अशी लहर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपली गेली. ती १३० कोटी वर्षे प्रवास करीत आली होती. तिने ४ किलोमीटरची लांबी बदलली ती अणूच्या गाभ्यातील एका कणाच्या अगदी छोट्या हिश्शाएवढीच. इतके बारीक मोजायचे तर जमीन शांत हवी, म्हणून वर्दळीपासून दूर असलेली ही जागा निवडली. आपल्या भागातील मुलामुलींनी तिथे अभियंते आणि शास्त्रज्ञ म्हणून जावे असे वाटत असेल, तर आठवीपासून गणित आणि विज्ञान सोडू देऊ नका. मुलींचे तर मुळीच नाही.

आपण काय करावे?

१. घरी पाऊस मोजा. उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी.

२. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओलावल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. ढगांचे चित्र मोबाइलवर पाहून तिफण जुंपू नका.

३. ई-पीक पाहणी वेळेत आणि खरी करा. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असेल तर ते नोंदवा. वरून पाहणाऱ्याला दोन्ही हिरवेच दिसते.

४. दर तीन वर्षांनी माती तपासा, उताराला आडवी पेरणी करा आणि बांधावरून माती जाऊ देऊ नका.

ज्यांनी प्रश्न विचारला त्या काकांना शेवटी एवढेच सांगतो. काका, चंद्राच्या पाण्याने तुमची विहीर भरणार नाही. ती भरेल शेतात मुरविलेल्या पावसानेच. परंतु तो पाऊस केव्हा येतो, किती मुरतो आणि नुकसान झाले तर ते कोणाला दिसते, हे सांगणारी साधने याच शास्त्रातून आली आहेत. आणि साडेसहा कोटी वर्षांच्या कातळावर उभी असलेली आपली माती किती दुर्मीळ आहे, हे चंद्राची कोरडी भुकटी पाहिल्यावर जितके कळते तितके एरवी कळत नाही.

 आता प्रश्न विचारा.