चौकापलीकडचे ब्रेमेन

परिषदेचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, बाहेरगावाहून आलेले जर्मनचे शिक्षक आणि पुढच्या रांगा रिकाम्या ठेवून मागे दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी मित्रहो,

स्वारगेटला आपले मनापासून स्वागत. एसटीने आलेले वेळेत पोहोचले, मेट्रोने आलेले जमिनीखालून वर आले, आणि स्वतःची गाडी काढलेले बहुधा अजून जेधे चौकात आहेत. त्यांचेही स्वागत, येतील तेव्हा. स्वागताध्यक्षाला दोनच कामे असतात, पैसे जमवणे आणि थोडक्यात बोलणे. पहिले झाले आहे.

यंदाचा विषय आहे ब्रेमेन. विद्यापीठाकडून औंधला जाणाऱ्या बसमध्ये हे नाव रोज ऐकू येते. पुणे आणि ब्रेमेन या दोन शहरांच्या मैत्रीची खूण असलेल्या ब्रेमेन चौकात आपण उतरतो, रिक्षा शोधतो आणि नाव विसरतो. म्हणून चौकाच्या पलीकडचे थोडे सांगतो.

ब्रेमेन हे जर्मनीतले मोठे बंदर, पण ते समुद्रावर नाही. ते वेझर नदीकाठी आहे, आणि नदीचे मुख तिथून सुमारे ६० किलोमीटर दूर. नदीत गाळ साचला, मोठी जहाजे शहरापर्यंत येईनात. दुसरे कोणी असते तर जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगत बसले असते. आपल्याला ते छान जमते. महापौर योहान स्मिट यांनी १८२७ मध्ये हॅनोव्हरच्या राज्याकडून नदीमुखाजवळची जमीन विकत घेतली आणि तिथे नवे बंदर उभारले. तेच ब्रेमरहाफेन. आज ही दोन शहरे मिळून जर्मनीचे सर्वांत लहान घटकराज्य होते. ब्रेमरहाफेनच्या धक्क्यांवरून ७० लाखांहून अधिक माणसे, बहुतेक अमेरिकेच्या वाटेने, युरोप सोडून गेली. तिथल्या स्थलांतर संग्रहालयात प्रत्येक पाहुण्याच्या हाती अशाच एका खऱ्या प्रवाशाचे नाव देतात, आणि त्याचा माग काढत पुढे जायचे. आपल्या पोरांपैकी किती जण जर्मनीच्या व्हिसाच्या रांगेत आहेत हे इथल्या शिक्षकांना ठाऊक आहे. त्या पोरांनी हे संग्रहालय जरूर पाहावे.

शहर पोसले ते व्यापाराने. कापसाच्या प्रतीवरून खरेदीदार-विक्रेत्यांचे तंटे सोडवायला १८७२ मध्ये तिथे कापूस बाजार स्थापन झाला. कॉफीचा व्यापार त्याहून जुना. लुडविग रोझेलिउस या व्यापाऱ्याने तर १९०६ मध्ये कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीची कंपनीच काढली. अतिकॉफीने आपले वडील गेले, असे तो मानत असे. अमृततुल्यावर वाढलेल्या माणसाला हा उद्योग कळायचा नाही, पण धंदा चालला.

बाजारचौकात रोलांड या वीराचा १४०४ सालचा दगडी पुतळा उभा आहे, तलवार उपसून, तोंड थेट आर्चबिशपच्या कॅथेड्रलकडे. शहर कोणाचे, एवढेच त्याला सांगायचे होते. जवळच गेऱ्हार्ड मार्क्स यांनी घडवलेले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा आहेत. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतली ही मंडळी ब्रेमेनला कधी पोहोचलीच नाहीत, तरी शहराने त्यांना आपले मानले. यावर उद्या विद्यार्थी बोलणार आहेत, मी मध्ये पडत नाही.

मला स्वतःला हे शहर मोठे वाटते ते तिथल्या विटांच्या हत्तीमुळे. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींच्या गौरवासाठी तो १९३२ मध्ये उभारला. आजच्या नामिबियात जर्मन सत्तेचे पाय रोवणारा अडोल्फ ल्युडेरिट्झ याच शहरातला व्यापारी. पुढे शहराला त्या गौरवाची लाज वाटू लागली. हत्ती पाडता आला असता. त्यांनी तो ठेवला आणि १९९० मध्ये तेच स्मारक वसाहतवादाच्या विरोधाला अर्पण केले. पुतळ्यांवरून आपल्याकडे किती रण माजते! या एका हत्तीवर स्वतंत्र परिसंवाद व्हावा, असा आग्रह मी समितीत धरला होता. बहुमताने हरलो. तरी उद्या दुपारी अर्धा तास मिळवला आहे.

पुण्याशी नाते फक्त चौकापुरते नाही. मर्सिडीजची सी-क्लास मोटार ब्रेमेनच्या कारखान्यात बनते, आणि आपल्या चाकणलाही तिची जुळणी होते. ब्रेमेनमध्ये १९७७ साली निघालेल्या बोर्डा या संस्थेने सुरुवातीच्या काळात भारतातल्या गावांसाठी बायोगॅसवर काम केले. शेणाने दोन देश जोडले, असे म्हटले तर जर्मन पाहुण्यांनी राग मानू नये.

जेवण दीड वाजता आहे. कुपने नोंदणीच्या टेबलावर मिळतील, हरवल्यास दुसरे मिळणार नाही. अध्यक्षमहोदयांना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.