सभागृह अडते तेव्हा कोण अडते?

(उपासक-उपासिकांच्या सभेपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानास मी अमेरिकेच्या कायदेमंडळाचा विषय घेतला आहे हे कळताच एका वृद्ध उपासकांनी मला विचारले, "वकीलसाहेब, आपल्या घरची दुःखे थोडी आहेत काय, की आम्ही सातासमुद्रापलीकडची भांडणे ऐकावीत?" प्रश्न रास्त आहे. परंतु ती भांडणे आपणांस परकी नाहीत. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डु बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्या समाजाने मांडलेल्या गाऱ्हाण्याची चौकशी केली. त्यांचा प्रश्न व आपला प्रश्न यांतील नाते बाबासाहेबांनी ओळखले होते.

१९५२ च्या डिसेंबरात पुण्यास वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यास काय काय अवश्य आहे, याचे विवेचन केले होते. समर्थ विरोधी पक्ष असावा, हे त्यांत होते. आणि बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये, हेही होते. आता अमेरिकेकडे पहा. तेथे डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन असे दोन तुल्यबळ पक्ष आहेत. (आपल्या रिपब्लिकन पक्षाशी त्या पक्षाचे नावापलीकडे काही साम्य नाही, हे ध्यानात असू द्या.) विरोधी पक्ष नेहमीच जागा असतो. आणि सिनेट या वरिष्ठ सभागृहात अल्पमताच्या हाती तर असे शस्त्र आहे की, बहुमताला त्याच्यापुढे हात टेकावे लागतात. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या ना? तरीही त्या देशातील सर्वांत पीडित माणसाला न्यायासाठी पिढ्यानुपिढ्या ताटकळावे लागले. असे का व्हावे?

ते शस्त्र कोणते ते आधी सांगतो. सिनेटमध्ये चर्चेला कालमर्यादा नाही. सभासद उभा राहिला आणि बोलत राहिला, तर मतदान होऊ शकत नाही. यालाच ते लोक फिलिबस्टर म्हणतात. चर्चा बंद करण्याचा नियम १९१७ साली झाला, पण त्यास दोन-तृतीयांश मते लागत. १९७५ पासून शंभरांपैकी साठ लागतात. म्हणजे एक्कावन्न सभासदांना कायदा हवा असला, तरी एक्केचाळीस जण तो मतास टाकू देत नाहीत.

१९२२ च्या जानेवारीत कनिष्ठ सभागृहाने, झुंडीने माणसे मारण्याच्या प्रकाराविरुद्ध एक विधेयक संमत केले. खुनाला कायदा असताना आणखी विधेयक कशाला, असे शहरातील मनुष्य विचारील. आपणांपैकी जे खेड्यातून आले आहेत ते विचारणार नाहीत. जेथे पाटील, फौजदार आणि पंच हे सारेच मारणाऱ्यांच्या बाजूचे असतात, तेथे खुनाचा कायदा पुस्तकात निजून राहतो. ते विधेयक सिनेटमध्ये दक्षिणेकडील सभासदांनी बोलून बोलून मारले. पुन्हा पुन्हा तशी विधेयके आली व पुन्हा पुन्हा तशीच गेली. २००५ साली सिनेटने या अपराधाबद्दल ठराव करून क्षमा मागितली; आणि कायदा झाला तो २०२२ च्या मार्चमध्ये, १९२२ च्या त्या विधेयकानंतर शंभर वर्षांनी. त्या कायद्याला एमेट टिल या मुलाचे नाव आहे. १९५५ साली मिसिसिपीत त्याला मारले, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

सभागृह अडले म्हणजे काहीच घडले नाही, असे आपण समजतो. हा भ्रम आहे. ज्याच्याजवळ जमीन आहे, पद आहे, फौजदार आहे, त्याला नवा कायदा नकोच असतो. चालले आहे तेच त्याला पुरे आहे. कायद्याची वाट पाहतो तो ज्याच्याजवळ काही नाही तो. म्हणून अडलेले सभागृह तटस्थ नसते. मत न घेताच ते एका बाजूने निकाल देते.

हे दोन पक्ष असल्यामुळेच होते, असेही नव्हे. आपल्या हंगामी संसदेत एकाच पक्षाचे प्रचंड बहुमत होते. तरी हिंदू कोड बिल रेंगाळत ठेवले गेले, आणि १९५१ साली अवघी चार कलमे संमत झाल्यावर सोडून देण्यात आले. त्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. ते बिल कोणासाठी अडले? स्त्रियांसाठीच ना?

आता १९६४ सालाकडे येऊ. नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्धची अडवणूक कामकाजाचे साठ दिवस चालली. १० जूनला चर्चाबंदीचे मत घेतले, तेव्हा सदुसष्ट मतांची गरज होती, पडली एकाहत्तर. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूतील गाठीमुळे बोलू शकत नव्हते. त्यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणले. नाव पुकारताच त्यांनी हाताने आपल्या डोळ्याकडे खूण केली. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होकार' या शब्दांचा उच्चार एकच आहे. त्या एकाहत्तरांत चव्वेचाळीस डेमोक्रॅट व सत्तावीस रिपब्लिकन होते. विरोधी एकोणतिसांत तेवीस डेमोक्रॅट व सहा रिपब्लिकन. म्हणजे प्रत्येक पक्ष आतून दुभंगलेला होता, आणि त्या फटीतूनच न्यायाला वाट मिळाली.

पुढे ती फट बुजली. १९५७ साली नागरी हक्कांविरुद्ध सलग चोवीस तास अठरा मिनिटे बोलणारे स्ट्रॉम थर्मंड हे डेमोक्रॅट होते; १९६४ च्या सप्टेंबरात ते रिपब्लिकन झाले. त्यांच्या मागोमाग काही दशकांत दक्षिणेतील बहुतेक गोरे मतदार गेले. एका विचाराचे सारे एका पक्षात, दुसऱ्या विचाराचे सारे दुसऱ्यात, अशी वाटणी झाली. पूर्वी पक्षनेत्याला मोडून मत देणारा सभासद मिळे. आता दिले तर पुढच्या निवडणुकीत त्याचेच लोक त्याला पाडतात. १९६५ चा मताधिकार कायदा २००६ साली सिनेटने अठ्ठ्याण्णव विरुद्ध शून्य मतांनी पुढे चालू ठेवला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे एक मुख्य अंग निकामी केले. ते सुधारण्याचे विधेयक २०२२ च्या जानेवारीत आले, तेव्हा साठ मते जमली नाहीत. आणि त्यापुरता नियम बदलण्याचा प्रस्तावही अठ्ठेचाळीस विरुद्ध बावन्न मतांनी पडला. सोळा वर्षांपूर्वी ज्यावर एकही विरोधी मत नव्हते, त्याची ही गत! दरम्यान अर्थसंकल्पाच्या तंट्यात २०१८ च्या डिसेंबरापासून पस्तीस दिवस सरकारी कचेऱ्या बंद पडल्या आणि सुमारे आठ लाख नोकरांचे पगार थांबले. सभासदांचे थांबले नाहीत.

येथे वकील म्हणून मला एका युक्तिवादाचा समाचार घेतला पाहिजे, कारण तो आपल्या भाषेत बोलतो. फिलिबस्टरचे कैवारी म्हणतात, हे अल्पसंख्याकांचे संरक्षण आहे. (दोन्ही पक्ष अल्पमतात असताना असे म्हणतात व बहुमतात आले की विसरतात.) अल्पसंख्याकांचे संरक्षण हा शब्द आपणांस प्राणाहून प्रिय. पण कोणते अल्पसंख्य? १९६४ साली मिसिसिपीत मताधिकारास पात्र अशा शंभर कृष्णवर्णीयांपैकी सुमारे सातांचीच नावे मतदार यादीत होती. त्या राज्याचे दोन सिनेटर सभागृहात अल्पमतात होते खरे. परंतु आपल्या राज्यात ते मालक होते. दुर्बळाला सबळाच्या हातून वाचवते ते संरक्षण. सबळाला इतरांना दाबून ठेवण्याची मुभा देते त्याला दुसरे नाव शोधले पाहिजे. तरीही हा नियम उद्याच मोडावा, असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. एक्कावन्न मतांनी जो हक्क मिळेल तो परवा दुसऱ्या एक्कावन्नांनी जाईलही. बहुमताचे भय बाबासाहेबांना होते, ते मलाही आहे.

मग १९६४ ची कोंडी फुटली कशाने? केवळ सिनेटरांच्या सद्बुद्धीने नव्हे. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, ते जगाने पाहिले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला सुमारे अडीच लाख लोक वॉशिंग्टनला जमले. मध्य-पश्चिमेकडील सिनेटरांना त्यांच्याच चर्चमधील माणसांनी पत्रांवर पत्रे धाडली. सभागृहाबाहेरच्या, ठराव मांडण्याचा अधिकार नसलेल्या माणसांनी हे केले.

असेच एकदा आपल्या संघातही घडले होते, आणि ते महावग्गात नोंदलेले आहे. कौशांबीचे भिक्षू एका क्षुल्लक दोषावरून दोन तटांत विभागले. परंपरा सांगते की शौचकूपातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढेच निमित्त होते. भगवान बुद्धांनी समजावले. भिक्षूंनी, आमचे आम्ही पाहून घेऊ, असे उत्तर दिले. भगवान एकटे वनात निघून गेले. तेव्हा कौशांबीच्या उपासकांनी आपसांत ठरवले की, या दोन्ही तटांतील कोणालाही वंदन करावयाचे नाही, कोणासाठी उठून उभे राहावयाचे नाही, भिक्षा घालावयाची नाही. संघाच्या निर्णयात या उपासकांना एकही मत नव्हते. परंतु भिक्षापात्र भरत होते ते त्यांच्याच घरून. थोड्याच दिवसांत भिक्षू श्रावस्तीस भगवंतांकडे गेले, ज्याच्यावर दोष ठेवला होता त्याने तो कबूल केला, आणि संघ पुन्हा एकत्र बसला.