रणजी करंडकाची वाट पाहताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, नाट्यसंगीत, मराठी माणसाचा उद्योगधंदा अशा भारदस्त विषयांवर विद्वान मंडळींनी आपले विचार मांडले. आमच्या वाट्याला क्रिकेट आले. कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘महाराष्ट्राचा रणजी संघ’ असे उत्तर दिले. त्यावर ते चटकन म्हणाले, “काका, मुंबईचा म्हणायचंय ना तुम्हाला?” आमच्या आजच्या भाषणाचे निम्मे दुःख या एका प्रश्नात सामावलेले आहे.

येथे हैदराबादेत वाढलेल्या मुलांसाठी थोडा खुलासा करावयास हवा. एका महाराष्ट्र राज्याचे रणजी स्पर्धेत तीन संघ उतरतात. मुंबई आणि लगतचा ठाण्याकडील प्रदेश हा मुंबई संघाचा. नागपूर, अमरावती, अकोला ही विदर्भ संघाची. उरलेला जो विस्तीर्ण मुलूख, म्हणजे पुणे, नाशिक, नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि मराठवाडा, तो ‘महाराष्ट्र’ या नावाने खेळतो. राज्य स्थापन झाले १९६० साली. संघाचे हे नाव त्याहून पुष्कळ जुने आहे. २०२४-२५ च्या मोसमापर्यंतचा हिशेब मांडला, तर मुंबईने रणजी करंडक बेचाळीस वेळा जिंकला, विदर्भाने तीन वेळा आणि आमच्या महाराष्ट्राने दोन वेळा. ती दोन जेतेपदेही १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या मोसमांतील. त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षे आम्ही वाट पाहत आहोत. सभागृहातील मुंबईकर सभासदांना या प्रतीक्षेची कल्पना येणे कठीण आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ज्यांनी ओळीने पंधरा वेळा करंडक घरी नेला, त्यांना उपवासाचे माहात्म्य काय सांगावे!

त्या दोन जेतेपदांचे शिल्पकार प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर संघाचे नेतृत्व करीत होता. १९४०-४१ च्या मोसमात मुंबईने ६५० धावांचा डोंगर उभा केला, तेव्हा महाराष्ट्राने ६७५ धावांनी उत्तर दिले आणि त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६ होत्या. त्याच मोसमाचा अंतिम सामना मद्रासला झाला आणि आपल्या संघाने यजमानांना त्यांच्याच अंगणात हरविले. पुढे वयाच्या बावन्नाव्या वर्षी देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. त्यांना आयुष्यही शतकाहून अधिक लाभले. १९९३ साली ते निवर्तले तेव्हा एकशे एक वर्षांचे होते. एवढ्या दीर्घायुष्यातही महाराष्ट्राचे तिसरे जेतेपद पाहण्याचे मात्र त्यांच्या भाग्यात नव्हते.

त्यानंतरचा आमचा इतिहास हा विक्रमांचा आहे, विजयांचा नव्हे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर पोहोचले. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर आला होता. तेवढ्यात खेळ विश्रांतीसाठी थांबला, आणि काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा, हे त्यांना रुचले नाही. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये चारशेच्या पुढे गेलेले निंबाळकर हे एकमेव भारतीय. तथापि भारताकडून एकही कसोटी सामना त्यांना खेळावयास मिळाला नाही. त्याच मोसमात, १९४९ च्या मार्चमध्ये, मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा निघाल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यातील हा आजही जागतिक उच्चांक आहे. महाराष्ट्राने त्यात चौथ्या डावात ६०४ धावा केल्या. चौथ्या डावात सहाशे चार! आणि तरीही आम्ही ३५४ धावांनी हरलो.

१९७१ चा अंतिम सामना आमच्या महाविद्यालयीन दिवसांतला. वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर, अशोक मांकड हे मुंबईचे सारे मोहरे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. हीच संधी, असे आम्हां पुणेकर विद्यार्थ्यांना वाटले. रेडिओभोवती कोंडाळे करून आम्ही बसलो होतो. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या उरलेल्या संघाने आम्हांला ४८ धावांनी नमविले. त्यानंतर पोटापाण्यासाठी आम्ही हैदराबादेस आलो. पुढचा अंतिम सामना उगवला तो १९९२-९३ मध्ये, लुधियानास. त्यात पंजाबने आपले पहिले जेतेपद मिळविले. मधल्या सगळ्या वर्षांत संघाची खबर कळे ती पोस्टाने उशिरा येणाऱ्या वर्तमानपत्रातून. इंग्रजी दैनिकाच्या क्रीडापानाच्या तळाशी, बारीक टाइपात, महाराष्ट्राचा धावफलक सापडला, की घरचे पत्र हाती पडल्यासारखे वाटे. संघ हरलेला असला तरीही.

आणि मग आले २०१४ साल. उपउपांत्य फेरीत वानखेडे मैदानावर मुंबईने पहिल्या डावात १२२ धावांची आघाडी घेतली होती. आम्ही सवयीप्रमाणे आशा सोडली. परंतु आमच्या गोलंदाजांनी गतविजेत्या मुंबईला १२९ धावांत गुंडाळले आणि केदार जाधव व विजय झोल यांनी २५२ धावांचे लक्ष्य केवळ दोन गडी गमावून गाठून दिले. उपांत्य सामन्यात बंगाल हरला. अंतिम सामना कोठे, तर आपल्या हैदराबादेत, उप्पलच्या मैदानावर! या सभागृहातील कित्येकांना तो आठवडा आठवत असेल. मंडळातील डझनभर माणसे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि उन्हाच्या टोप्या घेऊन गेली होती. महाराष्ट्राचे ३०५, कर्नाटकाचे ५१५, पुन्हा महाराष्ट्राचे ३६६. अखेर कर्नाटकाने १५७ धावांचे लक्ष्य तीन गड्यांच्या मोबदल्यात पार केले. तो रविवार होता. विजयी धाव निघाली तेव्हा आमच्याबरोबर आलेला मंडळातलाच एक दहा वर्षांचा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. त्याच्या आजोबांनी किंचित रागाने विचारले, “अरे, टाळ्या कुणासाठी?” तो म्हणाला, “आजोबा, चांगले खेळले ना ते!” यावर आजोबांना उत्तर सुचले नाही. आम्हांलाही सुचले नाही.

नंतरची एकच गोष्ट सांगतो. २०२३ च्या जानेवारीत ब्रेबोर्न मैदानावर महाराष्ट्र आणि मुंबई यांची गाठ पडली. बाद फेरी गाठण्यासाठी पहिल्या डावातील आघाडी मोलाची होती. महाराष्ट्राच्या ३८४ धावा झाल्या. मुंबईचा डाव संपला तोही ३८४ वरच! सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही संघ स्पर्धेबाहेर पडले. दोघा भावांनी वाटणीसाठी भांडावे आणि घर तिसऱ्यानेच न्यावे, असा हा प्रकार झाला.

श्रोतेहो, एवढी वर्षे हरणाऱ्या संघाच्या मागे का जावे, असे आम्हांला घरात आणि बाहेर पुष्कळांनी विचारले आहे. अमेरिकेत बेसबॉलचे वेड असलेल्या लोकांनाही हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात असे. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतरचे विजेतेपद मिळविले ते २००४ साली, छ्याऐंशी वर्षांनी. शिकागोच्या कब्स संघाचे १९०८ नंतरचे विजेतेपद आले २०१६ साली, म्हणजे जपमाळेच्या मण्यांइतक्या, बरोबर एकशे आठ वर्षांनी. तेथे आजोबांनी वाट पाहिली, वडिलांनी पाहिली आणि करंडक पाहिला तो नातवाने. त्यांच्या मानाने आमची चौऱ्याऐंशी वर्षे म्हणजे माळ अजून पुरी व्हावयाची आहे, एवढेच.

परंतु आमच्या जिव्हाळ्याचे कारण निराळे आहे. महाराष्ट्राच्या संघाचा इतिहास नीट पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. या मुलखातील माणसे करंडक जिंकत नाहीत असे मुळीच नाही; ती दुसरीकडे जाऊन जिंकतात. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या, रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. पुढे ते त्याच बडोद्याकडे गेले आणि १९४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी रचून त्यांनी बडोद्यास करंडक मिळवून दिला. खुद्द निंबाळकर पुढे होळकर संघाकडून खेळले. श्रीरामपूरचा झहीर खान २०००-०१ मध्ये बडोद्याच्या विजयात चमकला. पुण्याचा हृषीकेश कानिटकर महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे खेळला, आणि अनेकदा अंतिम सामना हरलेल्या राजस्थानने त्याच्याच नेतृत्वाखाली २०१०-११ आणि २०११-१२ असा दोनदा करंडक उचलला.

एके काळी ही नावे वाचून आमचा जीव जळत असे. आपली माणसे आपल्याच घरी हे का करीत नाहीत? आज मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी या सभागृहाकडे पाहताना त्या प्रश्नाची धार बोथट होते. कारण आपण सारे तरी दुसरे काय केले? साताऱ्याचा, नगरचा, लातूरचा माणूस येथे आला. येथल्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत आणि इस्पितळांत त्याने आपले उत्तम ते दिले. हैदराबादने आपल्याला सामावून घेतले, जसे बडोद्याने हजाऱ्यांना घेतले. जेथे खेळायचे तेथे मनापासून खेळायचे आणि मूळ गावाचा धावफलक रोज पाहायचा, हीच आपली रीत ठरली. हजारे बडोद्याचे झाले म्हणून सांगलीचे राहिले नाहीत, असे कोण म्हणेल?

खरी चिंता वेगळी आहे, आणि ती आज स्पष्ट बोलावी असे वाटते. आपल्यामागे हा धावफलक कोण पाहणार? आपल्या मुलांना आयपीएलच्या संघांतले सारे खेळाडू पाठ असतात. परंतु महाराष्ट्राचा रणजी संघ त्यांतील किती जणांना ठाऊक आहे? नाटकाच्या तालमींना तरुण मुले मिळत नाहीत, गणेशोत्सवाच्या समितीत तीच ती पिकलेली डोकी दिसतात, वाचनालयातल्या पुस्तकांवर शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा असतो. या सगळ्या तक्रारींची जात एकच आहे. तिच्यावर काही वडीलधारी मंडळी सक्तीचा उपाय सुचवितात. आम्हांला तो पटत नाही. येथे जन्मलेल्या मुलाने १९३७-३८ आणि १९८६-८७ साली करंडक जिंकणाऱ्या हैदराबाद संघाचा अभिमान बाळगावा, यात गैर काय? ते त्याचे गाव आहे. निष्ठा वारसाहक्काने मिळत नाही. ती कोणाच्या तरी शेजारी बसून हळूहळू लागते. आम्हांलाही ती रेडिओभोवतीच्या कोंडाळ्यातच लागली. उप्पलच्या त्या मुलाने टाळ्या कोणासाठी वाजविल्या याला फारसे महत्त्व नाही. तो आजोबांच्या शेजारी बसून सामना पाहत होता, हे महत्त्वाचे.

आशेला जागा आहे काय? आहे. २०१६-१७ पर्यंत एकदाही न जिंकलेल्या विदर्भाने त्यानंतर तीन वेळा करंडक नेला, तेव्हा आमच्या संघासाठी दार बंद झाले आहे असे कोणी म्हणू नये. ऋतुराज गायकवाडने २०२२ च्या नोव्हेंबरात विजय हजारे स्पर्धेत उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. नोबॉल धरून सात चेंडू आणि सातही सीमेपार! अंतिम सामन्यातही त्याने शतक काढले. करंडक मात्र सौराष्ट्राने नेला, हे आपण ओळखले असेलच. आणि ज्या सांगलीने हजारे दिले, त्याच सांगलीत वाढलेली स्मृती मानधना महाराष्ट्राकडून खेळत खेळत मोठी झाली. २०२५ च्या २ नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. आमचा धावफलक पाहताना आम्ही आजवर पुरुषांचाच रकाना पाहत आलो. आता मुलींचाही पाहू लागलो आहोत आणि तेथे डोळे अधिक निवतात.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. महाराष्ट्राचा संघ पुन्हा हैदराबादेत रणजी सामना खेळावयास येईल, त्या वेळी मंडळाने एक बस करावी. या सामन्यांना गर्दी नसते, बसावयास ऐसपैस जागा मिळते. प्रत्येक आजी-आजोबांनी एक तरी नातवंड बरोबर आणावे. डबे सुगरणींनी नेहमीप्रमाणे द्यावेत. या एका बाबतीत आपला संघ अजिंक्य आहे. मुलांनी टाळ्या कोणालाही वाजवाव्यात. आपण फक्त त्यांना सांगावे, की तो पलीकडे क्षेत्ररक्षण करणारा मुलगा कोल्हापूरचा, तो गोलंदाज नाशिकचा, आणि हा संघ १९४१ पासून वाट पाहत आहे. पुढची वाट त्यांना पाहावीशी वाटली, तर ती पाहतील.