मालमोटारीच्या टायरमधील हवा

शिनोली हे गाव मंचर-भीमाशंकर मार्गावर वसले आहे. याच मार्गाने आंबेगावचा शेतमाल मंचरच्या बाजारपेठेत जातो. या मालाची, चालकाची आणि रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांची सुरक्षितता टायरमधील हवेवरही अवलंबून असते, हे सहसा ध्यानी येत नाही.

हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबतात, टायर आतून तापतो आणि अखेर फुटतो. इंधनही अधिक जळते. हवा जास्त झाल्यास टायर मध्यभागी झिजतो व रस्त्यावरील पकड कमी होते. मागील जोडचाकांपैकी आतील टायरची हवा उतरली, तर त्याचा भार बाहेरील टायरवर येतो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणूनच टायरवर कांब ठोकून आवाजावरून अंदाज बांधणे पुरेसे नाही.

हवा दाबमापकानेच, गाडी निघण्यापूर्वी टायर थंड असताना मोजावी. उत्पादकाने भारानुसार सांगितलेला दाब ठेवावा. प्रवासात टायर तापून दाब वाढतो. तेव्हा हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती आपल्या गावातील प्रत्येक चालकापर्यंत पोहोचवावी.