युनिटधारकाला मत नव्हते

युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ योजना १९६४ साली निघाली ती शिक्षक, कारकून, पेन्शनर यांच्या अल्पबचतीसाठी. पुढे तिच्यात बड्या कंपन्यांनीही पैसा गुंतवला. युनिटची फेरखरेदी-किंमत मालमत्तेच्या खऱ्या मोलाशी बांधलेली नव्हती. ती ट्रस्टच ठरवी. शेअरबाजार घसरला तरी ती चढीच राहिली. हिशेब वाचता येणाऱ्या कंपन्यांनी एप्रिल-मे २००१ मध्ये चार हजार कोटींहून अधिक रक्कम चौदा रुपयांच्या वरच्या भावाने काढून घेतली. तोटा मागे राहिलेल्यांच्या पदरी पडला. जुलैत फेरखरेदीच थांबली. ऑगस्टपासून तीन हजार युनिटांपर्यंतच, दहा रुपयांनी, सुरू झाली. आमच्या मास्तरांना हे वर्तमानपत्रातून कळावे! विश्वस्त नेमण्यात युनिटधारकाला मतच नव्हते.