फोटोवाल्या बाईने काय बोलावं?

(नागपुरातील स्त्री-आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



अशा शिबिरात डॉक्टर बोलतात, सिस्टर बोलतात, आशाताई बोलतात. एक्स-रे काढणारीला सहसा कुणी बोलवत नाही. सरकारी कागदावर आम्ही क्ष-किरण तंत्रज्ञ, पेशंटच्या तोंडी ‘फोटोवाल्या बाई’. मीही त्यातलीच. पुष्कळ वर्षं नागपुरात हेच काम केलं.

आमचं काम म्हणजे बटण दाबायचं, अशी समजूत आहे. पण पेशंटला कसं उभं करायचं, किरण किती द्यायचे, बाई गरोदर तर नाही ना, हे सगळं आम्हीच बघतो. किरणांची मोजदाद करणारा बिल्ला छातीवर लावून आम्ही दिवसभर तिथे असतो. आणि हजारो फोटो काढल्यावर डोळ्याला कळायला लागतं. कळतं, पण बोलायचं नाही!

एकदा एका बाईच्या फोटोत फुप्फुसाभोवती हवा साठलेली मला स्पष्ट दिसली. मी धावत कॅज्युअल्टीत जाऊन सांगितलं. नळी घातली, बाई वाचली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून समज दिली, की निदान करणं तुमचं काम नाही. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही.

मेडिकलला, मेयोला पेशंट कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पलीकडे छिंदवाडा, बालाघाट. बाईसोबत कुणीतरी मजुरी बुडवून आलेलं असतं. ‘रिपोर्टला उद्या या’ हे तीन शब्द त्यांना केवढ्याला पडतात! आणि तालुक्याच्या रुग्णालयात यंत्र असतं, फोटो काढणारा असतो, पण रेडिओलॉजिस्ट सहसा नसतोच.

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात एक साधी पद्धत सुरू झाली. फोटोत काही बिघाड दिसला, की रेडिओग्राफरने त्यावर लाल ठिपका लावायचा. अंतिम मत डॉक्टरचंच, पण ठिपका पाहून तो पुन्हा नीट बघतो. पुढे जास्तीचं शिक्षण घेतलेल्या रेडिओग्राफर हाडांचे रिपोर्ट स्वतः लिहू लागल्या. १९८८ साली तिथे स्तनाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी सुरू झाली. त्या कार्यक्रमात मॅमोग्राम काढणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत. तो दोघांनी वाचायचा असतो, आणि वाचणाऱ्यांत प्रशिक्षित रेडिओग्राफरही असतात.

मॅमोग्राफीबद्दल जरा जास्त बोलते, कारण ती आपली बाब आहे. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबावा लागतो, दुखतं. पदर बाजूला करायला लाजणारी बाई त्या यंत्रापाशी अवघडून उभी असते. घरात कुणाला न सांगितलेलं ती तिथे सांगते. गाठ कधीपासून आहे, पाणी येतं का, आईला झालं होतं का. ही माहिती लिहायला आमच्याकडे जागा नाही. ती ‘बाई, काही आहे का हो?’ म्हणून विचारते, तेव्हा ‘डॉक्टर सांगतील’ एवढंच म्हणायची आम्हाला मुभा आहे.

डॉक्टर नसलेल्यांना असं काम कसं द्यायचं, असं कुणी म्हटलं तर त्याला गडचिरोली दाखवा. ‘सर्च’ने तिथल्या ३९ गावांत खेड्यातल्या बायकांना शिकवलं. त्या नवजात बाळं तपासत, जंतुसंसर्ग ओळखत, इंजेक्शनही देत. बाकीच्या गावांच्या तुलनेत तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

आता तर आणखी एक गंमत झाली आहे. क्षयरोग शोधायला छातीचा फोटो संगणकाने वाचला तरी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. आपल्याकडेही हातात धरायची एक्स-रे यंत्रं आणि फोटो वाचणारा संगणक गावोगाव निघाले आहेत. संगणकाने खूण केली तर चालते, तो फोटो काढणाऱ्या बाईने केली तर समज मिळते!

पण एका ठिकाणी माझं माझ्याच सहकाऱ्यांशी पटत नाही. ते म्हणतात, ब्रिटनसारखी गरोदर बाईची सोनोग्राफीही आम्हाला करू द्या. इथे मी थांबते. लिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो आपल्या चळवळीच्या रेट्याने. मग १९९४चा केंद्राचा कायदा आणि २००३ची दुरुस्ती. त्यात सोनोग्राफी पात्र डॉक्टरांपुरतीच ठेवली आहे. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. यंत्रावर आणखी हात आले, की पहारा आणखी अवघड. याची किंमत दुर्गम भागातली गरोदर बाई मोजते, सोनोग्राफीसाठी जिल्ह्याच्या गावापर्यंत हेलपाटे घालते, हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी डॉक्टरांची रिकामी पदं भरा म्हणून भांडावं लागेल. मात्र हाच कायदा पुढे करून कुणी आमचं सगळंच तोंड बंद करत असेल, तर ते ऐकू नका. छातीच्या फोटोवरच्या ठिपक्याशी किंवा मॅमोग्रामशी त्या कायद्याचा संबंध नाही.

२०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतल्या आमच्यासारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आमचा व्यवसाय नावानिशी आहे, राज्यांच्या परिषदाही आहेत. आमच्या कामाची हद्द ठरवण्याच्या चर्चेत पेशंट बायकांचं म्हणणं कोण मांडणार? महिला संघटनांनी निवेदन द्यावं, असं मला वाटतं. त्यात शिक्षणाचं लिहा: ठिपका लावायचा तर रीतसर प्रशिक्षण आणि परीक्षा हवी, नुसत्या अनुभवावर नको. चूक झाली तर एकट्या तंत्रज्ञाला बळी द्यायचं नाही, हेही लिहा. आणि कंत्राटी बाईवर जास्तीचं काम टाकून तोच पगार द्यायचा, हे आपण अंगणवाडीत आणि आशांच्या बाबतीत पाहिलंच आहे. म्हणून पगाराचं कलम सगळ्यात वर घाला. शेवटी ठेवलेलं कलम बैठकीत वेळ संपला म्हणून राहून जातं.